माशांच्या पिलांचा पहिला घास घरींच तयार व्हावा

शेतीस एखादा जोडधंदा असल्यावांचून केवळ पावसाच्या भरंवशावर संसार चालत नाहीं, ही गोष्ट आतां कोणास पटवून देण्याची आवश्यकता राहिलेली नाहीं. कोंबड्या, शेळ्या, दुभतीं जनावरें, रेशमाचे किडे व मधमाश्या यांच्या जोडीस अलीकडे शोभेच्या माशांची पैदास हा एक नवा धंदा शेतकऱ्यांपुढें आला आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत परसांतील लहान केंद्रास ३ लाख, मध्यम केंद्रास ८ लाख व एकत्रित केंद्रास २५ लाख रुपये खर्च धरण्यांत आला, आणि त्यावर सर्वसाधारण वर्गास शेंकडा ४० व स्त्रिया आणि अनुसूचित जातिजमाती यांस शेंकडा ६० मदत ठरविण्यांत आली. तेव्हांपासून टाक्या, छपरें व पंप यांचीं अंदाजपत्रकें खेडोपाडीं तयार होऊं लागलीं. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत अशीं जीं जीं अंदाजपत्रकें आलीं, त्यांत एक रकाना मात्र बहुधा कोरा होता; आणि धंद्याचा नफातोटा त्याच कोऱ्या रकान्यावर अवलंबून आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. तो रकाना म्हणजे, अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलांस पहिले आठ-पंधरा दिवस खावयास काय घालावयाचें, हा होय.

अंड्यांतून निघालेलें पिलूं पहिले दोन-तीन दिवस पोटाशीं असलेल्या बलकावर जगतें. हा बलक संपला, आणि त्या वेळीं त्याच्या तोंडांत मावेल व डोळ्यांपुढें हालेल असें भक्ष्य मिळालें नाहीं, तर तें थोड्याच दिवसांत मरतें. वासरूं गाईच्या सडास लागलें नाहीं म्हणजे त्याची जी गत होते, तीच ही होय. पुष्कळ लोक अशा वेळीं कोरडी भुकटी किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून टाकींत सोडतात. ही भुकटी हालत नाहीं, म्हणून बऱ्याचशा पिलांस ती भक्ष्य वाटतच नाहीं. ती तळास बसते व कुजते, पाण्यांत अमोनिया वाढतो, आणि उपाशी राहिलेल्या पिलांबरोबर खाणारीं पिलेंही मरतात. आमच्या बाजूच्या एका बागायतदारानें गोल्डफिशचीं अंडीं उत्तम प्रकारें उबविलीं; परंतु पांचव्या-सहाव्या दिवशीं टाकीचा तळ मेलेल्या पिलांनीं भरून गेला. त्यानें प्रथम दोष पाण्यास दिला, मग जोडी विकणाऱ्यास दिला, व शेवटीं आपल्या नशिबास दिला. वस्तुतः दोष घासाचा होता.

या अडचणीवर जगभर जो उपाय रूढ झाला आहे, तो म्हणजे आर्टेमिया नांवाच्या जिवाचीं नुकतींच जन्मलेलीं पिलें. आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत व मिठागरांत राहणारा, कोळंबीच्या दूरच्या कुळांतला जीव असून पूर्ण वाढला म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर लांब होतो. पाणी आटूं लागून खारटपणा फार वाढला कीं मादी कवचबंद अंडीं टाकते. लोक यांस अंडीं म्हणतात खरे. परंतु आंतील गर्भ कांहीं अंशीं वाढून मध्येंच थांबलेला असतो. तीं वाळलीं म्हणजे हा गर्भ वर्षानुवर्षें निजून राहतो, आणि योग्य पाणी मिळतांच एका दिवसांत जागा होऊन बाहेर पडतो. कणगींतलें बियाणें ओल मिळतांच उगवतें, तशांतलाच हा प्रकार आहे. एका ग्रॅमांत अशीं सुमारें अडीच लाख अंडीं भरतात, व बाहेर पडणारें पिलूं अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही किंचित् लहान असतें. १९३३ सालीं अमेरिकेंत सील यांनीं व १९३९ सालीं नॉर्वेंत रोलेफसेन यांनीं माशांच्या पिलांस हें खाद्य किती मानवतें तें दाखवून दिलें. तेव्हांपासून मासे व कोळंबी यांच्या पैदास-केंद्रांत त्याचा प्रसार झाला.

हा माल मुख्यतः येतो अमेरिकेंतील युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरांतून. ज्या वर्षीं तेथें पीक कमी उतरतें त्या वर्षीं भाव चढतो. २०२२ सालीं तर त्या सरोवराची पातळी, नोंदी ठेवण्यास आरंभ झाल्यापासून कधींही नव्हती इतकी खालीं गेली. व्हिएतनाममध्यें विन् चाऊ या किनाऱ्यावरील भागांत मिठागरवाल्यांनीं १९८० नंतरच्या दशकापासून मिठाच्या हंगामांतच आगरांत आर्टेमिया वाढवून हें पीक आपल्या देशांत आणलें. आपल्याकडेही थूथुकुडीच्या व मुंबईजवळच्या मिठागरांत आणि राजस्थानांतील सांभर सरोवरांत हा जीव आढळलेला आहे. परंतु देशावरील शेतकऱ्यानें तो आपल्या शेततळ्यांत वाढविण्याच्या भरीस पडूं नये. गोड्या पाण्यांत तो कांहीं तासांपलीकडे जगत नाहीं. आपलें काम अंडीं विकत घेऊन घरीं उबविणें, एवढेंच आहे.

तें काम अवघड नाहीं. दोन लिटरची थंड पेयाची बाटली स्वच्छ धुवून तिचें बूड कापावें, टोपणास भोंक पाडून त्यांत चिमटा लावलेली बारीक नळी घट्ट बसवावी, व बाटली तोंड खालीं करून घडवंचीस टांगावी. तींत एक लिटर पाणी घालावें. पाणी नळाचें असल्यास औषधाचा वास जाण्यासाठीं एक दिवस उघडें ठेवावें. त्यांत २५ ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन तोळे, खडेमीठ विरघळवावें. पाण्याचा सामू ८ किंवा त्याहून किंचित् अधिक असावा. देशावरील विहिरींचें पाणी बहुधा जड असल्यानें तेथें अडचण पडत नाहीं. कोंकणांतील जांभ्या जमिनीचें पाणी मऊ असतें, तेथें अर्धा ते एक ग्रॅम खाण्याचा सोडा टाकावा. नंतर एक ग्रॅम अंडीं टाकून हवेच्या पंपाची दुसरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडावी. हवा इतकी हवी कीं एकही अंडें तळास बसूं नये. बुडबुडे फार बारीक काढणारा दगड नळीस लावूं नये. त्यानें फेंस येऊन अंडीं वर चिकटतात.

उष्णता २५ ते २८ अंश व उजेड भरपूर, या दोन गोष्टी राखल्या म्हणजे २४ तासांच्या आसपास पिलें निघतात. पौष-माघांत रात्रीं थंडी पडते, तेव्हां ३६ तास किंवा अधिकही लागतात. पूर्वीं जवळ एक जुना विजेचा दिवा लावला कीं उजेड व ऊब दोन्ही मिळत. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. सबब थंडींत बाटली माजघरांत ठेवावी व पाणी कोमट करून घ्यावें. ज्या गांवीं वीज बेभरंवशाची आहे, तेथें उथळ थाळींत दोन सेंटिमीटर मीठपाणी घेऊन त्यावर अंडीं अगदीं विरळ भुरभुरावीं. पाण्याचा थर पातळ असल्यानें हवेच्या पंपावांचूनही पिलें निघतात. मात्र एका वेळीं थोडींच निघतात.

पिलें निघालीं म्हणजे हवा बंद करून बाटलीच्या वरच्या अंगास काळें फडकें गुंडाळावें व खालच्या अंगास उजेड पाडावा. दहा मिनिटांत तपकिरी टरफलें वर तरंगतात, न उगवलेलीं अंडीं तळास बसतात, व नारिंगी रंगाचीं पिलें उजेडाकडे खालीं जमतात. नळीचा चिमटा सैल करून प्रथम निघणारें थोडें पाणी टाकून द्यावें. मग नारिंगी पाणी तलम रुमालावर घ्यावें व वर टरफलें उरलीं असतांनाच थांबावें. रुमालावरील पिलें गोड्या पाण्यानें धुवून टाकींत सोडावीं. टरफल माशास पचत नाहीं. तें पोटांत अडकून पिलूं दगावतें. म्हणून ही वेगळी काढण्याची क्रिया घाईनें उरकूं नये.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयाची आहे. नुकतेंच निघालेलें आर्टेमियाचें पिलूं स्वतः कांहीं खात नाहीं. त्याच्या अंगांत गर्भाचा सांठा असतो, आणि हा सांठा म्हणजेच माशाच्या पिलाचें पोषण. सुमारें आठ तासांनीं तें कात टाकतें, व पुढें आपलाच सांठा खर्चूं लागतें; एका दिवसांत त्यांतला सुमारें पाव हिस्सा नाहींसा होतो. तेव्हां धारोष्ण दुधाप्रमाणें हें खाद्य ताजें असतांनाच द्यावें. उरलें तर मीठपाण्यांत पातळ थर करून शीतकपाटांत ठेवावें, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत फारसें बिघडत नाहीं. टाकींत एका वेळीं थोडेंच घालावें व दिवसांतून दोन-तीन वेळां घालावें. पिलांचीं पोटें नारिंगी दिसूं लागलीं कीं घास पोंचला असें समजावें. गप्पी, मॉली, प्लॅटी यांचीं पिलें जन्मतःच हें खातात. गोल्डफिश व एंजल यांचीं पोहूं लागतांच खातात. गुरामीचीं पिलें मात्र इतकीं लहान असतात कीं त्यांस पहिले कांहीं दिवस वाळलें गवत भिजवून त्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव द्यावे लागतात, व मग आर्टेमिया.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. जो शेतकरी सोयाबीनचें बियाणें पेरण्यापूर्वीं ओल्या गोणपाटांत शंभर दाणे ठेवून उगवण मोजतो, तोच शेतकरी आर्टेमियाचा डबा मात्र वरच्या चिठ्ठीवर विश्वासून घेतो, हें मोठें नवल आहे. येथेंही उगवण मोजतां येते. एक लिटर पाण्यांत बरोबर एक ग्रॅम अंडीं टाकावीं. २४ ते ३० तासांनीं पाणी नीट ढवळलेलें असतांनाच टोंचण्याच्या नळीनें, म्हणजे औषधाच्या पिचकारीनें, पाव मिलिलिटर पाणी काढून पांढऱ्या बशींत घ्यावें व त्यांत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. म्हणजे पिलें हालावयाचीं थांबतात व मोजतां येतात. असें तीन वेळां करून सरासरी काढावी. ती सरासरी ५० आली तर मिलिलिटरला २०० व ग्रॅमला दोन लाख पिलें झालीं. म्हणजे उगवण शेंकडा ८० च्या सुमारास. सरासरी ३० आली तर माल शेंकडा ५० च्याही खालचा समजावा.

या मोजणीचें महत्त्व हिशेबानेंच कळेल. समजा, ४५४ ग्रॅमचा एक डबा ३,००० रुपयांस मिळतो व त्याची उगवण शेंकडा ९० आहे. दुसरा डबा तेवढ्याच वजनाचा २,००० रुपयांस मिळतो व त्याची उगवण शेंकडा ५० आहे. पहिल्यांत सुमारें १० कोटी २० लाख पिलें निघतील व कोटीस सुमारें २९४ रुपये पडतील. दुसऱ्यांत ५ कोटी ६७ लाख निघतील व कोटीस सुमारें ३५३ रुपये पडतील. स्वस्त डबा महाग पडला; शिवाय न उगवलेल्या अंड्यांचा कचरा वेगळा काढण्याचे कष्ट पदरीं आले ते निराळेच. तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या मनुष्यास एवढें पक्कें ठाऊक असतें कीं, ज्या गोष्टीची नोंद नाहीं तिचा वाद कधीं मिटत नाहीं. म्हणून भिंतीस एक वही टांगावी, आणि तींत तारीख, अंडीं किती ग्रॅम, उष्णता किती, केव्हां टाकलीं, केव्हां काढलीं व मोजणी किती आली, असे सहा रकाने रोज भरावे.

यावर कांहीं आक्षेप घेण्यांत येतात, त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, नाल्यांतील तांबडे किडे फुकट मिळत असतां पैसे कां खर्चावे? त्याचें उत्तर असें कीं, ते किडे सांडपाण्यांत वाढतात व रोग घेऊन येतात. शिवाय नुकत्या जन्मलेल्या पिलाच्या तोंडांत ते मावतही नाहींत. दुसरा आक्षेप, रोजच्या रोज ही खटपट कोण करणार? ज्याच्या घरीं दोन वेळां धार काढली जाते, त्यानें हा प्रश्न विचारूं नये. रोजचें काम अर्ध्या तासाचें आहे व घरांतील शाळकरी मूलही तें शिकूं शकतें. तिसरा आक्षेप मात्र निराळ्या जातीचा आहे. माळकरी घरांत एका जिवास जगविण्यासाठीं लाखों जीव जन्मास घालून त्यांचा घास करणें मनास रुचत नाहीं. हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. ज्याच्या मनास ही गोष्ट खरोखर टोंचते त्यानें हा धंदा न करतां मधमाश्या पाळाव्या, हें बरें. परंतु माशांची जोडी विकत आणून, तिचीं शेंकडों पिलें जन्मूं देऊन, मग त्यांस भुकेनें मरूं देणें यांत अहिंसा कसली? ज्यानें पैदास केली त्याच्यावर पोसण्याची जबाबदारी आली.

आणखी एक इशारा शेतकऱ्यास देणें अवश्य आहे, कारण तो त्याच्या जमिनीसंबंधीं आहे. उबवणीचें मीठपाणी रोज टाकून द्यावें लागतें. तें कुजतें, म्हणून पुन्हां वापरणें इष्ट नाहीं. कोणी रोज पांच लिटर उबवणी केली, तर दिवसास १२५ ग्रॅम व वर्षास सुमारें ४५ किलो मीठ त्यांत जातें. हें पाणी परसांतल्या केळीच्या आळ्यांत, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतल्यास पांच-सात वर्षांत तो तुकडा खारवट होईल. चोपण पडलेली जमीन पोटखराब्यांत जातांना मीं पुष्कळ पाहिली आहे. ती परत लागवडीस आणणें किती कठीण असतें, हें ज्याच्या वाट्यास आलें त्यास विचारावें. म्हणून प्लास्टिक अंथरलेला एक उथळ चौकोन उन्हांत करून पाणी तेथें आटवावें व उरलेलें मीठ गोळा करून वेगळें ठेवावें. आपल्याकडील ऊन हें काम आठ महिने बिनखर्चांत करतें. पावसाळ्यांत तेवढें पाणी झांकलेल्या पिंपांत सांठवावें.

शेवटीं, आपल्या संघानें काय करावें याविषयीं दोन शब्द. डबा एकदां उघडला कीं त्यांत दमट हवा शिरते. ओल लागतांच निजलेला गर्भ अर्धवट जागा होतो, आपला सांठा खर्चतो व आंतल्या आंत मरतो. लहान शेतकऱ्यास रोज दोन ग्रॅम अंडीं पुरतात. तेव्हां ४५४ ग्रॅमचा डबा त्यास साडेसात महिने जाईल व त्यांत एक पावसाळा बहुधा सांपडेल. म्हणजे अर्धा डबा उगवणीचा व अर्धा डबा वाळूचा! ज्यास एकट्यानें डबा घेणें परवडत नाहीं तो सुटा माल घेतो, आणि सुटा माल किती दिवस उघडा होता याची खात्री कोणीच देत नाहीं. जें काम एकट्यास कठीण तें संघास सोपें, या तत्त्वावरच आपली संस्था उभी आहे. संघानें दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली म्हणजे सभासदांची मागणी घेऊन डबे एकदम खरीदावे, प्रत्येक डब्याची उगवण वर सांगितलेल्या रीतीनें मोजावी, आणि माल २५-२५ ग्रॅमच्या हवाबंद पुड्यांत भरून त्यावर मोजणीचा आंकडा व तारीख लिहून वांटावा. ज्या डब्याची उगवण सांगितल्यापेक्षां कमी येईल तो विक्रेत्याकडे परत पाठवावा. एका शेतकऱ्याच्या तक्रारीस दुकानदार भीक घालणार नाहीं. पन्नास सभासदांच्या मोजणीच्या कागदास त्यास उत्तर द्यावें लागेल.

आणि जो सभासद या धंद्यांत नव्यानें पडूं इच्छितो, त्यानें टाकीची एक वीटही रचण्यापूर्वीं ५० ग्रॅम अंडीं आणून महिनाभर रोज एक ग्रॅम उबवून पाहावीं व वही भरावी. ज्याच्या वहींत तीस दिवसांपैकीं पंचवीस दिवस मोजणी बरोबर उतरली, त्यानें खुशाल माशांची जोडी आणावी. ज्याच्या वहींत दहा दिवस कोरे निघतील, त्याचें नुकसान पन्नास ग्रॅम अंड्यांवर व अर्ध्या किलो मिठाच्या आंत-बाहेर भागलें, असें समजावें. तीन लाखांचें छप्पर उभें करून मग हेंच शिकण्यापेक्षां तें कितीतरी स्वस्त आहे.